तीनशे बारा पावलं

माझ्या आतोबांइतका स्वतःच्या पायांवर विश्वास असलेला माणूस उभ्या मोगलाईत झाला नसेल. लग्नाचा मांडव घालायचा असो की विहिरीची जागा आखायची असो, गावात कुणी दोरी हुडकत नसे; आतोबांना हाक मारत. धोतराचा काचा मारून ते ढांगा टाकत निघाले की सगळे गप्प. एकदा सरकारी मोजणीदारानं साखळी टाकून त्यांचं माप चुकीचं ठरवायचं धाडस केलं. आतोबा शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमची साखळी उन्हानं फुगली असल. माजं पाऊल उन्हात आन् सावलीत तेवढंच ऱ्हातंय." मोजणीदारानं साखळी सावलीत नेऊन पुन्हा तपासली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांचं शेत सिंदफणेच्या काठी. वरच्या अंगाच्या खडकापासून शेजारच्या तात्यांच्या बांधापर्यंत तीनशे बारा पावलं. ती ते रोज सकाळी मोजत, कारण तात्या नांगरानं बांध कोरतात असा त्यांचा पक्का संशय होता. आतोबा मुद्दाम लांब ढांगा टाकून हद्द पुढं सरकवतात, असा तात्यांचा संशय; म्हणून तेही रोज पलीकडं येऊन यांच्या पायांवर नजर ठेवत. दोघांचं बोलणं वीस वर्षं बंद. पण भांडण चालू ठेवायचं तर बोलावं लागतंच, म्हणून त्यांनी बांधावरच्या बाभळीला मध्यस्थ नेमलं होतं.

"बाभळे, सांग त्याला, ढांग लांब टाकू नको म्हणावं!"

"बाभळे, इचार त्याला, माज्या पायाकडं कावून बघायलास?"

एवढं ऐकून ती बाभूळ अजून वठली कशी नाही, याचं आतोबांच्या बायकोला, म्हणजे आमच्या आत्याला, फार नवल वाटे.

त्या पावसाळ्यात एका दुपारी सिंदफणा शेतांत शिरली. खबर कळताच मी बीडहून बैलगाडीनं निघालो. गाडीवाट तीन ठिकाणी तुटली होती, ओढ्यावरची फरशी उखडून गेली होती. शेवटचे दोन कोस चालत गेलो. शेतापाशी पोचलो तेव्हा वाटलं, आपण भलत्याच गावाला आलो. कमरेएवढी काळी माती वाहून गेली होती आणि खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता. विहीर वाळूनं काठोकाठ भरलेली. मोटेचं चाक लांब दगडांत अडकलेलं. बांध नाही, हद्दीचे दगड नाहीत, बाभूळ नाही.

आतोबा खडकावर बसले होते. "पीक जातं, बैल जातो," ते म्हणाले. "पर जमीन कशी जाती रं? लई वर्सं जगलो, हे ठावं न्हवतं मला." मग खाली उतरले आणि एकेक पाऊल असं जपून टाकू लागले, जणू उरलेलंही पायाखालून जाईल. त्यांना तसं चालताना मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि पुराहून जास्त धसका मला त्याचाच बसला.

आठवड्यानं पटवाऱ्यानं हुकूम आणला : शेजाऱ्यांनी संमतीनं हद्दीवर मेखा ठोकाव्यात, मेख पडेल तीच हद्द कायम. तळ्यातला गाळ आणून शेतं पुन्हा भरायची होती, पण आधी आपलं शेत कुठपर्यंत ते ठरायला हवं होतं. आतोबा मेख घेऊन खडकापासून निघाले. सारा गाव बघत होता, मी मनात मोजत होतो. तीनशे बारा झाली आणि ते थांबले.

"हीच हद्द."

त्यांच्या पावलावर शंका घ्यायची आमच्याकडं रीतच नव्हती. मेख तिथं ठोकली असती तर आतोबांच्या शेताचा मोठा पट्टा तात्यांना फुकट मिळाला असता, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तात्यांच्या आलं. ते पुढं झाले, आतोबांच्या हातून मेख घेतली आणि आपल्याच शेताकडं पंचवीस-तीस ढांगा चालत जाऊन उभे राहिले.

"बांध हितं हाय, आबा. तुमचं पाऊल आखूड झालंय. वीस वर्सं रोज बघतुय मी."

उत्तर द्यायला आतोबांनी सवयीनं बाभळीकडं मान वळवली. तिथं नुसतं आभाळ होतं. मग तात्यांकडं बघून हळूच म्हणाले, "तूच ठोक बाबा."