मुद्दाम चुकवलं म्हणाले, ते खोटं होतं

मंडळी, आज कान्हे गावातल्या आमच्या शाळेत दहावीला अवक्षेपाचा प्रयोग दाखवला. लेड नायट्रेटमध्ये पोटॅशिअम आयोडाइड ओतलं आणि पिवळाधमक साका खाली बसला. मग फळ्यावर समीकरण लिहिलं.

शाहीन उठली. "मॅडम, आयोडीन डावीकडं एक अन् उजवीकडं दोन. जुळत न्हाई."

"आधी नीट बघ, मग बोल," म्हणत मी तिला बसवलं.

फळा पुसायला वळले तेव्हा दिसलं, पोटॅशिअम आयोडाइडच्या आधी २ लिहायचा मीच विसरले होते.

तरी हसत म्हणाले, "मुद्दाम चुकवलं होतं. कोण जागं आहे ते बघायला."

वर्ग हसला. शाहीन मात्र मान खाली घालून वहीत खोडलेला २ परत लिहीत होती.

घरी आले तरी लाज जात नाहीये. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. शिक्षक मित्रांनो, तुम्ही सुरुवात कशी केली असती?