दादा म्हणतो, "परत!"

"अल्बम कुठवर आला?" असं कुणी विचारलं की मी एखादा किस्सा सांगून वेळ मारून नेतो. अल्बमचं सांगण्यासारखं काही नसतं. किस्से मात्र अ‍ॅम्पमधल्या वाळूसारखे साठत राहतात, कितीही झटका. दोन वर्षं झाली. दमलोय, बाबांनो!

वसंतदादा आमचा गिटारवाला, वय एकाहत्तर. चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि हॉटेलांत दुसऱ्यांची गाणी वाजवली. आता स्वतःचा पहिला अल्बम. त्यात रॉक, ब्लूज, कंट्री आणि आपली इथली लग्नाची गाणी, सगळं एकत्र. ड्रम्सवर मी, रेकॉर्डिंगला मन्या. स्टुडिओ म्हणजे किहीमच्या एका वाडीतलं कॉटेज, भिंतींना गाद्या टेकवलेल्या. दादाचा शब्द एकच, "परत!" एक सूर घसरला की गाणं पहिल्यापासून.

*

ब्लूजचा सतरावा टेक. दादाचा शेवटचा सूर अजून विरतोय, तेवढ्यात पत्र्यावर नारळ पडला. धाड! मन्या ओरडला, "कट!"

दादा म्हणाला, "कट कशाला? नारळ बरोबर समेवर पडलाय." मग माझ्याकडे वळून, "तुझाच ठोका मागे राहिला. परत!"

*

रॉकच्या दिवशी लाईट गेली. शेजारच्या माई कुंपणापाशी आल्या. आता आवाजावरून बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं.

माई म्हणाल्या, "तुमचं थांबलं म्हनून कललं लाईट गेली. फ्रीजमधी मासली हाय माजी. कवा सुरू करताव?"

*

कंट्रीच्या गाण्याला घोड्याच्या टापा हव्या होत्या. मन्या माईक घेऊन अलिबागच्या किनाऱ्यावर एका घोड्याशेजारी धावला. ओल्या वाळूत टापा वाजत नाहीत, हे आम्हा समुद्राकाठच्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही! रेकॉर्डिंगमध्ये फक्त मन्याची धाप.

दादाने ती शांतपणे शेवटपर्यंत ऐकली. "धाप तालात नाही. परत!"

*

खरी गोची मात्र दादाच्या डाव्या हाताच्या अनामिकेची. वाकली की सरळच होईना. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने गिटार बंद, मग बघू."

"बोट थांबेल हो, डॉक्टर. माझं काय करू?"

स्कूटरवर माझ्या मागे बसल्यावर म्हणाला, "शेवटच्या गाण्यातला एक सोलो राहिलाय रे. एकदा स्वच्छ निघू दे, मग बोट गेलं तरी चालेल." मला फार वाईट वाटलं. पुढचा आठवडाभर तो सोलो रोज त्याच जागी अडकायचा. आणि रोज, "परत!"

*

त्या शेवटच्या गाण्याला थळहून हिराबाय आल्या. हिराबाय धवलारीण, म्हणजे आगरी-कोळ्यांची लग्नं धवले गाऊन लावणारी बाई. माईकसमोर बसल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या.

"नवरानवरी कुठं हायेत? कोनाचं लगीन लावू?"

हे नुसतं रेकॉर्डिंग आहे, असं मन्या समजावायला लागला. हिराबायनी पिशवी उचलली. "लगीन न्हाय, तर धवला न्हाय!"

दादा उठला. आतून पाट आणला, त्यावर गिटार ठेवली आणि शेजारी स्वतः मांडी घालून बसला. हिराबायनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हलद आना."

गिटारीला हळद लावली. मग दादाचा डावा हात ओढून बोटाबोटाला लावली. अनामिकेपाशी थांबल्या, बोट जरा दाबून पाहिलं. गायला लागल्या. दादाने हेडफोन चढवले, गिटार मांडीवर घेतली. मी काठ्या खाली ठेवल्या.

धवला मध्ये तोडत नाहीत. पाऊण तास चालला. सोलोच्या जागी बोट अडकलं, सूर तुटला, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला. हिराबाय गातच राहिल्या आणि दादा वाजवतच राहिला.

संपल्यावर मन्याने हळूच विचारलं, "दादा, परत?"

हिराबाय पदर सावरत उठत होत्या. "येकदा लागलेलं लगीन परत कसं लावशील रं?"

दादाने पिवळ्या हाताने हेडफोन काढले.

"मन्या, मशीन बंद कर."