भेकर आणि तिरकमठा

शशी देवरुखकरांनी पंचवीस वर्षं कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात मशीनवर उभं राहून इंचाच्या हजाराव्या भागाचीही चूक होऊ दिली नाही. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचा विषय निघाला की लोकांना आठवतं ते एकच. बायको गेल्यावर म्हाताऱ्याला चळ लागला आणि त्याने हरीण मारायला तिरकमठा आणला. मग सगळे हसतात. मला या हसण्याचा राग येतो. एक तर ते तेव्हा म्हातारे नव्हते, जेमतेम पंचावन्न-छप्पन्नचे होते. आणि ते हरीण नव्हतं, भेकर होतं. मी त्यांची शेजारीण, मला माहीत आहे.

नंदा, म्हणजे त्यांची बायको, अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेली. मूलबाळ नव्हतं. तेरा दिवस आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने डबे पोचवले. चौदाव्या दिवसापासून ज्याची त्याची कामं सुरू झाली. माझीही झाली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, माझा नवरा विनय कौन्सिलच्या नोकरीत, घरात दोन मुलं. दारात भेटले की मी विचारायची, "कसं काय, भाऊजी?" ते म्हणायचे, "चाललंय." माझ्या हातात तोपर्यंत गाडीची किल्ली आलेली असायची.

नंदाने मागच्या बागेत अकरा गुलाब लावले होते. त्या वसंतात कुणीतरी त्यांच्या कळ्या खायला लागलं. एका शेजाऱ्याने ससे सांगितले, दुसऱ्याने कोल्हा. देवरुखकरांनी संध्याकाळी जुन्या रेल्वेलाइनच्या झाडीतून भुंकण्याचा आवाज ऐकला आणि ओळखला. कोकणात ज्याने लहानपणी भेकराची हाक ऐकली आहे, त्याला ती कुत्र्याची वाटत नाही. लायब्ररीत जाऊन त्यांनी पुस्तक काढलं. इथे त्याला मंटजॅक म्हणतात, आपल्याकडच्या भेकराचं ते धाकटं भावंड. कुणा श्रीमंताने हौसेने बाहेरून आणलेलं, तिथून सुटलेलं आणि मिडलंड्सच्या सगळ्या मुलुखात पसरलेलं. थोडक्यात, आपल्यातलंच.

पण नंदाचे गुलाब खातंय म्हटल्यावर नातं वगैरे विसरून त्यांनी त्याला मारायचं ठरवलं. बंदुकीचं लायसन्स मिळणं कठीण, म्हणून ते बर्मिंगहॅमला धनुष्यबाणाच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी त्यांचा कुठला डोळा जोरकस आहे ते तपासलं, हात पसरायला लावून बाणाची लांबी मोजली आणि मग सहज विचारलं, "कशासाठी हवंय, सर?"

"डिअर," देवरुखकर म्हणाले.

दुकानदाराने हातातलं धनुष्य परत खुंटीला लावलं. "इट्स इल्लीगल, सर. या देशात धनुष्याने जनावर मारता येत नाही."

"मग टार्गेटसाठी द्या."

हे मला त्यांनीच नंतर बसस्टॉपवर सांगितलं. "आयुष्यात पहिल्यांदा दुकानात खोटं बोललो, वहिनी," असं म्हणताना त्यांचे कान लाल झाले होते.

ओढायला हलकं असं शिकाऊ धनुष्य, सहा ॲल्युमिनियमचे बाण, हाताला बांधायची चामडी पट्टी आणि एका क्लबचा पत्ता, एवढं घेऊन ते आले. क्लब शहराबाहेरच्या जंगलात होता. तिथे झाडांमध्ये कागदावर छापलेली हरणं लावलेली असत. पहिल्या रविवारी पट्टी घालायला विसरले आणि दोरीचा फटका बसून कोपराखालचा हात वांग्यासारखा काळानिळा झाला. नेम धरायच्या आधी कोपर बाहेर वळवायचं असतं, हे त्या फटक्याने शिकवलं. क्लबातले लोक चांगले होते. चौघाचौघांच्या गटात फिरायचे, त्यांनाही सोबत घ्यायचे, चहाच्या वेळी हवेबद्दल बोलायचे. मग सगळे आपापल्या गाडीत बसून निघून जायचे. हिवाळा संपेपर्यंत वीस यार्डांवरच्या कागदी हरणाच्या खांद्यात त्यांचा बाण बसायला लागला होता.

संध्याकाळी त्यांच्या बागेतून आवाज यायचा. "आलंस? ये. पिवळ्याच्या कळ्या राहिल्यात अजून, त्या कशाला सोडतोस?" "नंदा असती तर तुझं काही खरं नव्हतं." "आज विसातले चौदा लागले. सांभाळून राहा बरं." मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. मला वाटायचं, बिचारे त्या जनावराला कावलेत.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात एका सकाळी मी वरच्या खिडकीतून पाहिलं. देवरुखकर शेडच्या आडोशाला उभे होते. भेकर पंधरा पावलांवर गुलाबात तोंड घालून उभं होतं. त्यांनी बाण लावला, कोपर वळवलं, दोरी हनुवटीपर्यंत ओढली. कायदा आठवून काच वाजवायला माझा हात वर गेला होता. पण त्यांनी दोरी हळूहळू परत सैल केली आणि धनुष्य खाली घेतलं. भेकराने शांतपणे कळी संपवली. मला वाटलं, ऐन वेळी हात थरथरला. फार वाईट वाटलं मला.

आणि वाईट वाटलं की मी स्वस्थ बसत नाही, कामाला लागते. शनिवारी विनयला पिटाळलं. त्यांच्या बागेच्या टोकाला कुंपणाखाली एक भगदाड होतं, त्यातूनच भेकर येत असे. विनयने जाड फळी ठोकली, वर जाळी मारली.

"भाऊजी, तुमचा प्रश्न मिटला," मी म्हटलं.

त्यांनी एका खिळ्यावरून बोट फिरवलं. "थँक्यू, वहिनी. उगाच त्रास घेतलात."

महिनाभर मी स्वतःवर खूश होते. त्यांच्या बागेतून आता आवाजही येत नव्हता. म्हटलं, झालं, माणूस शांत झाला.

जूनमध्ये अकराही झाडं फुलली. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात देवरुखकर, हातात बादलीभर गुलाब.

"एवढ्यांचं मी एकटा काय करू," ते म्हणाले. मग बादली खाली ठेवून तिथेच उभे राहिले. "वहिनी, विनयला सांगून ती फळी काढून घेता येईल का?"

"अहो, पण गुलाब?"

"खाऊ देत." त्यांनी चष्मा पुसला. "त्या दिवशी तुम्ही खिडकीत होतात, मी पाहिलं. तुम्हाला वाटलं असेल, पण हात नव्हता थरथरला. नेम पक्का होता, सोडला असता तर पडलंच असतं. पण मग संध्याकाळी बोलायचं कुणाशी? क्लबात इंग्लिश, दुकानात इंग्लिश, टीव्हीवर इंग्लिश. मराठी बोलायला तेवढं एकच राहिलं होतं."

हे ते मला मराठीत सांगत होते, माझ्या दारात उभं राहून. टोमणा मारावा असा त्यांचा स्वभाव नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं, मी उलट काहीतरी बोलले असते.

विनयने त्याच संध्याकाळी फळी काढली. त्या उन्हाळ्यात तरी भेकर फिरकलं नाही. आमच्या दोन बागांच्या मधे पाच फुटी लाकडी कुंपण आहे. वर्षभर त्याच्या पलीकडून ते बोलत होते आणि मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. मी एकदाही ओ दिली नाही.