झोळीची राखण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही — खरं तर हात जोडण्यापाशीच सगळं अडलंय, पण ते पुढे येईल. तुम्ही बसा. मला जरा वळसा घेऊन यावं लागेल, सरळ येता येत नाही.

आधी जे सांगायला आवडतं ते सांगते. मी तीस वर्षं शाळेत पी.टी.ची बाई होते आणि माझ्या हाताखाली एका पोरीचं हाड मोडलं नाही. याचा मला गर्व आहे. शिकलेली माणसं अभिमान म्हणतात, पण माझा गर्वच आहे, उगाच कशाला लाजू? निरोपाच्या दिवशी हेडसर म्हणाले, शालनबाई म्हणजे शिस्त. मी ऐटीत मान डोलावली. ती शिस्त कुठून आली हेही भाषणात सांगितलं — पण अर्धंच सांगितलं.

ती आली झोळीवरून.

एकाहत्तरच्या लढाईनंतरचे दिवस. रहिमतपुरापासून तासभर चालत गेलं की आमचं गाव. घरटी एक माणूस फौजेत. तसेच फौजेतले दत्तूमामा हवालदार पेन्शनीत आले ते डोक्यात खूळ घेऊनच. ते तिथं पी.टी.चे उस्ताद होते आणि तिथंच त्यांनी ट्रॅम्पोलिन पाहिली होती. तशी त्यांना गावात हवी होती. लोणंदहून पाइपाची चौकट वेल्डिंग करून आणली. तंबूचं जुनं कापड दुहेरी शिवलं. स्प्रिंगा कुठून आणणार? मग ट्रकच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी कापड चौकटीला ताणलं. तालमीच्या मागं पुरुषभर खड्डा खणून चौकट जमिनीबरोबर बसवली आणि भोवतीनं उसाच्या पाचटानं भरलेली पोती मांडली. गाव तिला झोळी म्हणायचं. तालमीत पोरींनी पाऊल टाकायचं नाही, हे तर ठरलेलंच. मामांनी जाहीर केलं, "तालीम पोरांची, झोळी पोरींची." चार दिवस गावात लय चर्चा झाली, मग लोक उसाच्या तोडीला लागले.

पहिला महिना मला अजून आठवतो. आम्ही उडायला आलो होतो आणि मामा आम्हाला थांबायला शिकवत होते! पाय टेकले की गुडघे मोडायचे, सगळी उसळी गुडघ्यांत जिरवायची आणि गप्प उभं राहायचं. ते जमेपर्यंत दुसरं काही नाही. मग सरळ उडी, नजर समोरच्या कडेवर, पायाकडे नाही. मग हवेत गुडघे छातीशी. मग बैठक — पाय लांब, तळवे कमरेशेजारी, बोटं पायाच्या दिशेनं, कोपर जरा सैल, नाहीतर मनगट जातं. दहा उड्या झाल्या की उतरायचं, आणि उतरायचं तेही कडेवर बसून. काचेच्या बांगड्या काढायच्या म्हटल्यावर आमच्या आया बिथरल्या, पोरीचं मनगट रिकामं कसं ठेवायचं? मामांनी प्रत्येकीच्या मनगटाला काळा दोरा बांधला. झालं, मनगट रिकामं राहिलं नाही. कोलांटीचं नाव काढलं की मात्र ते चिडायचे. "मान एकच असती, पोरी. तालुक्याला गेलीस तरी दुसरी मिळत न्हाई."

आणि राखण. झोळीच्या चार बाजूंना चौघी उभ्या, हात वर, तळवे पुढे, नजर उडणारीच्या पोटावर. तोल गेला की तिला आत ढकलायचं, हे आमचं काम. उडणारीनं आधी विचारायचं, "राखण?" चौघींनी एका दमात म्हणायचं, "हाय!" त्याशिवाय पहिली उडी नाही. आणि एकदा 'हाय' म्हटलं की नजर हलवायची नाही. मामा म्हणायचे, "राखणीवर असताना देव आला तरी हात जोडायचं न्हाईत. देवाला समजतंय." उडणारी असो की राखणीवरची, यातला कुठलाही नियम जी मोडेल तिचा पाय पुन्हा झोळीवर नाही. त्याला माफी नव्हती.

आता सुमनबद्दल सांगायला हवं. टाळत होते.

सुमन माझ्याच वर्गातली. तिचं घर पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून मेंढरं घेऊन आलेलं आणि आमच्या शिवारात टिकलेलं. अंगानं काटकुळी, बोलायला कमी. पण झोळीवर चढली की — काय सांगू? बैठकीतून उसळायची, हवेत अर्धी वळायची आणि पुन्हा बैठकीत यायची, तीही कापडावरच्या खडूच्या फुलीवर. आम्ही त्याला बैठकफिरकी म्हणायचो. मला ती दहातून सहादा जमायची, तिला दहाही वेळा. मी तिचा हेवा करत होते का? करत होते. पण मैत्रीणही होते. दोन्ही एकाच वेळी असतं, तुम्हालाही माहीत असेल.

त्या माघात सांगलीला खेळांचा मोठा मेळावा होता. मामांना बोलावणं आलं — झोळी घेऊन या, एक पोरगी दाखवा. एकच. कोण जाणार हे विचारायचीही गरज नव्हती.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची उन्हं. सुमन झोळीवर, मी पूर्वेच्या बाजूला राखणीला. तिनं विचारलं, आम्ही चौघींनी म्हटलं. तिनं तीन सरळ उड्या घेतल्या, चौथीला बैठक टाकली — आणि तालमीच्या कोपऱ्यावरून अण्णा आले. माझे वडील. सुबेदार. अंगावर वर्दी, मागं सायकलवर काळी ट्रंक घेऊन गडी. दीड वर्षानं बघत होते मी त्यांना. आमच्या घरची रीत अशी, की अण्णा फौजेतून आले की आधी नमस्कार, मग बोलणं. माझे हात आपोआप खाली आले, जुळले, आणि मी वळले. पलीकडं मामांच्या टाचा खाडकन जुळल्या. हवालदारानं सुबेदाराला सलाम ठोकला होता.

मागं आवाज झाला तो कापडाचा नव्हता.

सुमन माझ्या बाजूनं चौकटीवर आली होती. तिचं मनगट काळ्या दोऱ्याच्या वर वाकडं झालेलं. मामा धावले, आणि धावता धावता पहिलं वाक्य जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मी मान वळवली. चूक माझी हाय, सुबेदारसाहेब." सगळ्यांसमोर. वरच्या हुद्द्याच्या माणसासमोर. त्यांना तेवढं बोलायला एक क्षणही लागला नाही.

हात फळकुटाला बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हिकडची राखण कुणाची?"

माझी होती. सगळ्यांना दिसत होतं. अण्णा चार हातांवर उभे होते — पहाऱ्यावरून नजर हटवणाऱ्या शिपायाबद्दल ते घरी कसे बोलायचे हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आणि सांगली? सांगलीही त्याच क्षणी माझ्या मनात आली. आली, हे खोटं कशाला बोलू? एवढ्याशा वेळात माणसाच्या मनात किती काय मावतं!

मी म्हणाले, "मामा, अण्णा लांबनंच येताना दिसलं म्हणून मी 'हाय' म्हणालेच न्हाई. सुमन तशीच उडली."

किती सोपं होतं बघा. बाकीच्या तिघी आपापलं 'हाय' म्हणाल्या होत्या, माझं कोण मोजत बसलं होतं? माझे जुळलेले हात सगळ्यांनी पाहिले होते, ते माझ्याच बाजूनं साक्षीला उभे राहिले. सुमन एवढंच म्हणाली, "मला चौघींचं ऐकू आलं." एकदाच म्हणाली. मग मामांनी तिच्याकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. सुबेदाराच्या पोरीचा शब्द आणि मेंढरामागच्या पोरीचा शब्द. तुम्हीच सांगा, आमच्या गावात कुठला जड होता?

दीड महिन्यात तिचा हात चांगला झाला. सांगलीला अजून वेळ होता, ती सहज जाऊ शकली असती. पण नियम तो नियम. मामांनी तिला झोळीवर घेतलं नाही. म्हणाले, "उडायचं न्हाई. पर राखण तुझ्यासारखी कुणाची न्हाई, ती कर." आणि ती करायला आली. मी असते तर आले नसते.

सांगलीला आम्ही ट्रकमधून गेलो, चौकटीचे पाइप पायाशी. तिथं खड्डा नव्हता, चौकट लोखंडी पायांवर छातीइतकी उंच उभी केलेली. मैदान माणसांनी भरलेलं. मी वर चढले आणि खाली पाहिलं तर जमीन कुठल्या कुठे. सुमन माझ्या पूर्वेला होती. "राखण?" मी विचारलं. "हाय!" तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला. खरंच येतो वेगळा.

मी उडाले. काय उडाले! आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझी मान ताठ होते, आणि ती होऊ नये असं मला वाटत नाही. सरळ उड्या, गुडघे छातीशी, बैठक, बैठकफिरकी. एक, दोन. तेवढ्यात कुणी मोठे पाहुणे आले असावेत, बँड वाजला, सगळं मैदान तिकडं वळलं आणि उठून उभं राहिलं. तिसऱ्या फिरकीला मी बाहेर गेले. मला कळलं की मी बाहेर गेलेय, खाली कापड नाही. आणि माझ्या बरगडीला एक तळवा लागला, पक्का, नुकता बरा झालेला. त्यानं मला आत लोटलं. मी बैठकीत आले, उसळले, गुडघे मोडून गप्प उभी राहिले. ज्यांची नजर माझ्यावर होती त्यांना वाटलं ते तसंच असतं. टाळ्या लय पडल्या. मी खाली पाहिलं तर सुमन अजून हात वर करून माझ्या पोटाकडंच बघत होती, कारण मी उतरले नव्हते.

त्या टाळ्यांवर मी मोठी झाले. मामांनीच अण्णांना सांगितलं, हिला पी.टी.च्या कोर्सला घाला. पुढची नोकरी, मान, भाषणं, सगळं तिथून. सुमनचं दोन वर्षांनी औंधकडं लग्न झालं. मामा वारले तेव्हाही त्यांना तेच ठाऊक होतं, जे मी सांगितलं होतं.

ती एकदा माझ्या शाळेत आली. मुलीला घेऊन. "बाई" म्हणाली मला, शालन नाही म्हणाली. आमच्या शाळेत तोवर खरी, स्प्रिंगांची ट्रॅम्पोलिन आली होती. मुलीच्या हातातल्या बांगड्या काढून तिनं मनगटाला काळा दोरा बांधला आणि माझ्यासमोर तिला म्हणाली, "बाईंचं 'हाय' आल्याबिगर उडायचं न्हाई. मी एकदा घाई केली हुती. चुकलं माझं."

ती टोमणा मारत नव्हती. मी तिचा चेहरा पाहिला, नीट पाहिला. इतक्या वर्षांत तिला ते खरं वाटायला लागलं होतं.

मी म्हणाले, "चला, चौघी राखणीला." आणि तास सुरू केला.

मी 'हाय' म्हणाले होते. मोठ्यानं म्हणाले होते. तिनं बरोबर ऐकलं होतं.