हॉलच्या मधल्या चार सळया

साताऱ्याची एसटी स्वारगेटला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. कोथरूडची बस कुठे लागते, असं एकाला विचारलं. "पाटी आहे. वाचता येत असेल तर वाचा," तो म्हणाला. नकाशा वाचायलाच मला पुण्याला बोलावलंय, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

कोथरूडला माझ्या आठवणीतले बंगले जाऊन इमारती आल्या होत्या. कोपऱ्यावर गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं कंपनीच्या बसची वाट बघत होती. सुलभाबाईंचा बंगला मात्र अजून बैठाच होता. त्यांचा मुलगा नितीन माझ्या भाच्याबरोबर सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला वर मजला चढवून एकट्या आईजवळ राहायचं होतं. नाहीच जमलं तर बंगला बिल्डरला. वरच्या छताचा भार घेणारी विटांची भिंत हॉलच्या स्लॅबवर मधोमध येत होती. स्लॅब ती पेलेल का, एवढंच मी, निवृत्त इंजिनिअरने, सांगायचं होतं.

"आधी जेवा. नकाशा कुठे पळून जात नाही," सुलभाबाई म्हणाल्या. मटकीची उसळ फर्मास होती.

नकाशा घड्यांवर फाटला होता. हॉल जवळजवळ चौरस, त्यामुळे भार चारही भिंतींवर वाटायला तीन सुती सळया (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आडव्या-उभ्या टाकलेल्या. मध्यावर मात्र चार सळया पाच सुती.

"आमचे इंजिनिअर म्हणतात हा कन्सील्ड बीम आहे, स्लॅबच्या जाडीतच लपवलेली तुळई," नितीन म्हणाला. "म्हणजे भिंत चालेल ना, काका?"

"बीमच्या सळया भिंतीपासून भिंतीपर्यंत जातात. या मधेच संपल्यात."

शिडीवर चढून छत ठोकलं. गिलावा सुटून थेट माझ्या चष्म्यावर पडला. आत दुमडलेली लोखंडी कडी होती; चार फुटांवर दुसरी.

"झोपाळ्याच्या कड्या," मी म्हणालो.

"आमच्याकडे झोपाळा कधीच नव्हता," सुलभाबाई म्हणाल्या. मग कड्यांकडे बघत, "लग्न झाल्यावर एकदा मी ह्यांना म्हटलं होतं, हॉलमध्ये झोपाळा हवा. घर पुरं होताना सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांची खाट इथेच होती. ह्यांनी कड्या बुजवल्या असतील. मला काही बोलले नाहीत."

आता नाही म्हणणं फार जड गेलं. पण स्लॅबला भिंत पेलणार नव्हती. खालून खांब, तुळई घ्यावी लागेल, असं मी सांगितलं.

नितीनने नकाशाची घडी घातली. "एवढी तोडफोड करायची तर बिल्डरच बरा."

सुलभाबाई फाटकापर्यंत आल्या. "झोपाळा पेलेल का हो?"

"पेलेल. गंज वरवरचाच आहे. त्याच्यासाठीच घातल्यात त्या सळया."

"मग बिल्डर येईपर्यंत लावून घेते."

परतीच्या एसटीत कात्रजचा बोगदा मागे पडला तरी मन त्या हॉलमध्येच होतं. माझ्या नकारामुळे त्यांचं घर जाणार, याचं वाईट वाटत होतं. पण त्यांच्या यजमानांचं सांगायचं राहून गेलेलं, घर जाण्याआधी त्यांच्यापर्यंत पोचलं. तेवढं घेऊन साताऱ्याला उतरलो.