गोधडीची चौथी बाजू

माझ्यापाशी न सांगितलेली अशी आता एकच गोष्ट उरली आहे. बाकीचं सगळं मी सांगून टाकलं आहे — घडलेलं, न घडलेलं, आणि जे घडायला हवं होतं ते तर सगळ्यात आधी. अमरावतीत कोणालाही विचारा, मंदाताईच्या तोंडात तीळ एक वेळ भिजेल, पण गोष्ट भिजणार नाही. ही मात्र भिजली. भिजून फुगली. आणि मी गप्प!

मी थापाडी आहे, हे आधीच सांगून ठेवते, मागून कोणी म्हणायला नको. वीज बिलाच्या खिडकीवर नोकरी काढलेली बाई मी; बिल फाडायला आलेला माणूस माझी गोष्ट ऐकून बिल भरून जायचा. अकोल्याच्या उन्हाळ्यात सुई उघड्यावर ठेवली तर संध्याकाळपर्यंत तिचं नुसतं नेढं उरतं, असं मी भर प्रदर्शनात सांगितलेलं आहे, आणि पुण्याच्या एका बाईनं त्यावर ‘अरे बापरे’ म्हटलेलं आहे. माझी एक गोधडी मेळघाटातल्या भाच्याकडे होती. तिच्यात अस्वल शिरलं, हिवाळाभर झोपलं, आणि जाताना घडी करून गेलं — हेही माझंच. लोक हसतात, टाळ्या देतात. अस्वलाला घडी कशी जमली, असं कोणी विचारत नाही.

एकच बाई विचारायची. कमल. सुईवरची मान वर न करता ती म्हणाली होती, “अन् जातानी पिको करून गेलं का वं थे?”

त्या दिवशी माझ्याच घरात बाया माझ्यावर हसल्या. मला राग आला का? थोडा आला. पण तो राग या गोष्टीत कुठंच कामाला येत नाही, म्हणून तो बाजूला ठेवते. रागानं केलं असतं तर बरं झालं असतं.

गोधडी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तिच्याच उबेत मोठे झालात. पण आम्ही ती कशी शिवतो, तेवढं सांगावं लागेल — कारण माझं पाप तिथंच आहे. निवृत्त झाल्यावर मी राजापेठेतल्या माझ्या घरी पुढच्या खोलीतला सोफा भिंतीला उभा केला आणि बायांना बोलावलं. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, ताणून टाचायची, आणि चारी बाजूंना चार बाया बसायच्या. कडेपासून धावदोरा धरायचा आणि ओळीमागून ओळ घालत मधल्या चौकाकडे सरकायचं. कोपरा आला की थांबायचं. कोपऱ्यापलीकडे शेजारणीचं राज्य. पुरी झालेली गोधडी पाहिली की चार बाजू चार बायांनी लिहिल्यासारख्या दिसतात. टाका अक्षरासारखाच असतो ना! कोणाचा ठसठशीत, कोणाचा घाईचा. माझा बारीक — इतका की मुंगीनं चष्मा लावून पाहावा — आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चिमुकला उलटा टाका. ती माझी सही.

आणि नियम एकच. दुसरीच्या बाजूला सुई लावायची नाही. वाकडं गेलं तर वाकडं, सुटलं तर सुटलं, जिचं तिनं निस्तरावं. हा नियम कोणी केला? मीच केला. सोफ्याच्या पायाला टेकून, मोठ्या आवाजात.

कमल अकोटकडची. शाळेत मास्तरीण होती, अमरावतीत निवृत्त झाली. घरी तिनं कधी सुई धरली नव्हती. शाळा, सासू, मुलगी यातून वेळ कुठला? जे काही शिवलं ते माझ्या त्या खोलीत. डावखुरी होती. आम्ही उजवीकडून डावीकडे निघायचो, ही डावीकडून उजवीकडे. कोपऱ्यावर तिचं कोपर शेजारणीच्या कोपराशी भांडायचं. तिचा टाका किंचित कललेला असायचा, वाऱ्याच्या तोंडावर चालणाऱ्या माणसासारखा. पण चालायचा पुढंच. आमच्या गोधड्या आम्ही बाळंतिणींना, वसतिगृहातल्या मुलींना वाटून टाकतो. तिच्या त्या टाक्यांखाली कोण कोण झोपतं, देव जाणे.

मग तिला झटका आला. डावं अंग गेलं. हळूहळू हात परत आला, पण येताना थरथर घेऊन आला. आम्हाला वाटलं आता ही यायची नाही. ती आली. ऑटोतून उतरली, आपल्या जागी बसली आणि म्हणाली, सुई ओवून द्या, बाकी मी पाहीन.

तेव्हा आम्ही मोठी गोधडी धरली होती, अकोल्याच्या प्रदर्शनासाठी. प्रत्येकीनं आपल्या आयुष्यातलं एक लुगडं द्यायचं, असं ठरलं होतं. कमलनं नोकरीवर रुजू होताना नेसलेलं पांढरं, निळ्या काठाचं दिलं. तिची बाजू तिनं पुरी केली. सगळ्यांच्या मागून, पण पुरी केली. ओळी चढल्या, उतरल्या, मध्येच एकीनं दुसरीला धक्का दिला. एखादा टाका बोटभर लांब, तर त्यापुढचा जागेवरच घुटमळलेला. बाया तिच्या बाजूवरून हात फिरवायच्या. चांगलं वाटायचं त्यांना ते. मला?

मला ती बाजू डोळ्यात खड्यासारखी सलत होती. प्रदर्शनात गोधडीपाशी उभी कोण राहणार? मी. गोष्ट कोण सांगणार? मी. आणि लोकांची नजर कुठं जाणार?

तोपर्यंत कमल अकोल्याला मुलीकडे राहायला गेली होती. गोधडीला ऊन दाखवते म्हणून मी ती उचलून आतल्या खोलीत नेली आणि दार लावलं. दुपारची वेळ, कूलर चालू. कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं आणि उसवायला लागले.

उसवणं काय असतं, तुम्हाला ठाऊक आहे? शिवण्यापेक्षा सोपं असतं. कट, कट, कट — दोरा स्वतःच हातात येतो, जणू वाटच पाहत होता. थरथरत्या हातानं अख्खा उन्हाळा घालून जे घातलं होतं, ते मी वामकुक्षीच्या वेळात काढत गेले. भोकं राहिली. त्यालाही इलाज असतो — पाणी शिंपडायचं आणि चमच्याच्या पाठीनं घासायचं. जुनं सूत बिचारं मिटतं. मग मी तिची बाजू शिवली. सरळ, बारीक, शेवटी उलटा टाका. कमलचे दोरे केरात टाकले. केर घंटागाडीत.

मी तिला मदतच केली, असं मनाशी म्हणून पाहिलं. म्हणून पाहताना मलाच हसू आलं. इतकी वर्षं थापा मारते आहे, बरी-वाईट थाप मला कळत नाही का?

प्रदर्शनात गोधडी मध्यभागी टांगली होती; बाकीच्या बाया अमरावतीतच राहिल्या होत्या, आणि कमललाही तिथवर येणं जमणार नव्हतं. आयोजक बाईंनी माईक माझ्या हातात दिला — माझ्या हातात माईक देणं म्हणजे माकडाच्या हातात झाडच देणं. मी इतर तीन बाजू सांगितल्या आणि चौथीपाशी थांबले. आवाज खाली आणला. म्हणाले, ही बाजू आमच्या एका मैत्रिणीची आहे. झटक्यानं तिचा हात थरथरतो, पाण्याचा पेला धरवत नाही. पण सुई धरली की थरथर थांबते. पाहा ओळ. आहे का कुठं वाकडी?

लोकांनी डोळे पुसले. खरंच पुसले. एक म्हातारे गृहस्थ तर गोधडीला हात लावून पाया पडले. तिचे टाके मी काढले ते काढले, तिची थरथरही मी वापरली. आणि तुम्हाला खरं सांगू? त्या क्षणी मला लाज वाटली नाही. गोष्ट रंगली होती. मला फार छान वाटलं.

संध्याकाळी गोधडी घेऊन मी कमलकडे गेले. तुझ्याचकडे राहू दे, असं सगळ्यांनी ठरवलं, म्हणत ती तिच्या अंगावर पांघरली — मोठेपणा मिरवायची संधी मी सोडते की काय? तिची मुलगी स्नेहल आत चहा ठेवत होती. कमलनं डावा हात बाहेर काढला, आपल्या बाजूवरून फिरवत कडेपर्यंत नेला. तिथं, ओळीच्या शेवटी, तिचं बोट थांबलं. उलट्या टाक्यावर. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

“तुही बाजू मोठी झाली वं, मंदा.”

एवढंच. ना रुसली, ना काही विचारलं. मी हसले. काहीतरी बोलले, बहुतेक प्रदर्शनातल्या गर्दीबद्दल. गर्दी मी तिप्पट करून सांगितली असणार. स्नेहल चहा घेऊन आली. कमलनं तिला काही सांगितलं नाही. पावसाळा संपायच्या आत कमल गेली.

दिवस झाल्यावर स्नेहलनं मला फोन करून विचारलं, यातली आईची बाजू कोणती? मी सांगितलं. चुकीचं कसं सांगू? बाजू तर तिचीच होती. तेव्हापासून ती पोर रोज ती बाजू गळ्यापाशी घेऊन झोपते. तिच्या नवऱ्यानंच मला सांगितलं, कौतुकानं. टाक्यांवरून बोट फिरवत झोपते म्हणे. माझ्या टाक्यांवरून.

इथं थांबता आलं असतं. झालं ते झालं, मेलेल्या बाईनं माफ केलं असेल-नसेल, म्हणून मी ही गोष्ट तोंडातच ठेवून मेले असते. पण पुढंही आहे. तेच सांगायला बसले आहे. मागचं नुसतं अस्तर होतं. आणि हे अकोल्यातही वाचलं जाईल, हे मला माहीत आहे. नावं मी बदललेली नाहीत.

या वर्षी स्नेहलला दिवस राहिले. आपल्याकडे बाळाच्या पहिल्या गोधडीत आजीचा टाका असावा लागतो. बाकीची कोणीही शिवो, पण चार टाके आजीचे हवेत. सासू नाही, आई नाही. तेव्हा ती अवघडलेली पोर अकोल्याहून गाडीत बसून माझ्याकडे आली. पिशवीत कमलच्या मऊ लुगड्याची लहानशी गोधडी, अर्धी शिवलेली. म्हणाली, आईचा टाका मी तिच्या बाजूवर पाहून पाहून शिकले, मावशी. तेवढा जमला की बाळाला आजीचा टाका मिळाला असं समजते.

मी गोधडी हातात घेतली. तीन कडा बारीक, सरळ. ओळीच्या शेवटी उलटा टाका. माझं अक्षर, तिच्या हातातून आलेलं. आणि चौथ्या कोपऱ्यात एक वितीएवढा तुकडा वेगळा होता. डावीकडून उजवीकडे निघालेला. किंचित कललेला. वाऱ्याच्या तोंडावर चालणारा.

तो कोपरा तिनं आधी शिवला होता. कसलंही न पाहता, आपल्या मनानं. स्नेहल डावखुरी आहे. आईसारखीच. मग तिनं तो कोपरा घरच्या मोठ्या गोधडीशी ताडून पाहिला, जुळेना, म्हणून पुढचं सगळं उजव्या हातानं शिवलं. बोटांची चाळण झाली होती. अंगुस्तान घालूनही.

“मावशी, आई शिवताना उजवा हात वापरायची का? लहानपणी शाळेत पट्टी मारून हात बदलायचे म्हणे, तसं काही झालं होतं का तिचं? मले तं काहीच माहीत नाही.”

पाहा, दार उघडंच होतं. पोर स्वतः उघडून उभी होती. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. इतका लहान शब्द मी आयुष्यात कधी सांगितला नसेल. माझ्या सगळ्या गोष्टी त्याच्यापेक्षा लांब. आणि ज्या बाईला अस्वलाची झोप सुचते, तिला एवढंही सुचू नये?

सुचलं होतं. तोंडाशीही आलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं — ती चेहऱ्यावर सगळं घेऊन उभी होती, रोजची ती बाजू, ते बोट फिरवणं — आणि मला दिसलं की आता हे सांगितलं तर यापुढे ती माझी कोणतीच गोष्ट ऐकणार नाही. तिच्या आईचं काय होईल, हे मनात आलं नाही. माझं काय होईल, ते आलं.

“हो, बाई,” मी म्हणाले. “सुईले तिचा उजवाच हात.”

तिनं सुस्कारा टाकला. हलकी झाली. मग त्या कोपऱ्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, मग हा उसवूनच टाकते ना? तो आईसारखा नाही.

मी ‘उसव’ म्हणाले.

कात्री माझ्या डब्यात होती, मीच काढून दिली. पोटामुळे तिला वाकता येईना, म्हणून मी समोर बसले आणि दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं. ती एकेक टाका काढत गेली. कमलचा टाका होता तो, झटक्याच्या आधीचा, धड हाताचा. ती काढत होती आणि मी कापड ढिलं पडू दिलं नाही.