टोपीवरची निळी काच

सुखराम फुंडे हा आमच्या सेक्टरमधला सगळ्यात हट्टी माणूस होता, आणि हे मी कौतुकानं म्हणत नाही. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला हा माणूस भिलाईत आला तो थेट पोलाद कारखान्याच्या भट्टीवर लागला. मी वर्ध्याचा, प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून. आमची क्वार्टर्स शेजारी होती, म्हणून हे ध्यान माझ्या पदरात पडलं.

भट्टीवरच्या माणसांना जाड टोपी मिळायची. तिच्या पुढच्या काठाला एक निळी काच अडकवलेली असे. वितळलेल्या लोखंडाकडे बघताना ती डोळ्यांवर ओढायची, एवढंच काम. पण जुन्या लोकांची ऐट वेगळी होती. काच ओढून बघतो तो नवखा. उघड्या डोळ्यांनी धातूचा रंग ओळखतो तो खरा भट्टीवाला. सुखराम तर या ऐटीचा मुकुटमणी.

"काचीतून सब निळंच दिसते, नरहरीभाऊ," तो म्हणे. "असली रंग समजंल कसा?"

त्यामुळे त्याची काच कायम कपाळावर चढवलेली असायची.

दुसरं वेड पाखरांचं. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून मरोद्याच्या जलाशयावर जायचा आणि दुपारपर्यंत काठावर बसायचा. त्यातही त्याचा जीव सुरयवर. करडी-पांढरी, डोक्यावर काळी टोपी, पाण्यावर सूर मारणारी. तिच्याबद्दल बोलताना हा रांगडा गडी लाजल्यासारखा व्हायचा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्याआधी पेपरात एक निवेदन आलं. कोकण किनाऱ्यापासून दूर एका ओसाड बेटावर पावसापूर्वी हजारो समुद्री सुरया अंडी घालतात. त्या मोजायला स्वयंसेवक हवे होते. सुखरामनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तो माझ्या मागे हात धुऊन लागला. अर्ज मीच लिहिला, आणि सोबतीला येण्याचं कबूलही मीच करून बसलो.

त्याच्या बायकोनं, भागीरथावहिनींनी, मला अंगणात अडवलं. "तुमीच समजवा ना यायले, भाऊजी. इथं समोरचं धड दिसत नाही, अन् चालले पाखरं मोजाले."

"प्लांटचा धूर आहे वो तो," सुखराम आतून ओरडला. "समुद्रावर कुठचा आला धूर?"

वहिनींनी मग दशम्या बांधून दिल्या आणि ऊन लागू नये म्हणून भट्टीवरची टोपीही पिशवीत कोंबली.

रेल्वे, मग एस.टी., मग मच्छीमारांची होडी. होडीत मी पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं. सुखराम मात्र नाकपुड्या फुलवून बसला होता. बेटावरच्या मोजणीच्या प्रमुख कमलिनीताई, मुंबईच्या कॉलेजात शिकवणाऱ्या. टोपी चढवलेला सुखराम बघून सगळे हसले, त्याही हसल्या. पण त्यानं मागितला म्हणून सगळ्यात जास्त घरटी असलेला कडा त्याला दिला. त्या दिवशी त्याच्याइतका सुखी माणूस त्या किनाऱ्यावर नव्हता.

आम्ही दोघं कड्यावर जाऊन बसलो. ऊन रणरणत होतं. विष्ठेनं खडक पांढरेफटक पडलेले, समोर समुद्र लखलखतोय, आणि पाखरांचा कलकलाट इतका की बोलायला ओरडावं लागे. सुरया आमच्या डोक्यावरून चक्क केसांना वारा घालत जात होत्या. मला पाखरांतलं काही कळत नाही, पण मीही तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

सुखरामच्या हातातली पेन्सिल हलत नव्हती.

"भाऊ," तो म्हणाला, "आवाज तं लय येऊन राहिला. पाखरं कुठी आहेत?"

मला वाटलं, थट्टा करतोय. "तुझ्या डोक्यावर आहेत! एवढ्या लांब आणलंस ते हे विचारायला?"

तो उभा राहिला. कपाळावर आडवा हात धरून जागच्या जागी एक गिरकी घेतली. मग हळूच खाली बसला.

"मले सब पांढरंच दिसून राहिलं," तो म्हणाला. "इथं तं धूरबी नाही ना, भाऊ?"

भिलाईत परतल्यावर डॉक्टरांनी सविस्तर सांगितलं, पण मुख्य गोष्ट मला तिथेच कळून चुकली होती. आगीनं त्याचे डोळे खाल्ले होते. नुसता मोतीबिंदू नव्हता, आतला पडदाही जळाला होता आणि त्यावर इलाज नव्हता.

मला त्याची कीव आली, पण त्याआधी राग आला. भयंकर राग आला. त्या टोपीचा, त्या ऐटीचा, त्या गाढवपणाचा. मी पुढे झालो आणि त्याच्या कपाळावरची ती काच खसकन त्याच्या डोळ्यांवर ओढली.

तो दचकला. मग मान वर करून तसाच राहिला.

"गेली," तो पुटपुटला. "एक गेली, भाऊ. निळी. थे दुसरी... चमक कमी झाली तं पुसट दिसते, पण दिसते."

त्यानं बोटांनी काच चाचपली.

"एवढंच कराचं होतं काय?" तो म्हणाला.

मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि कागद मांडीवर घेऊन मोजायला लागलो. होडी येईपर्यंत तो दोन्ही हातांनी काच घट्ट धरून बसला होता.